काळा चौकोन आणि गोधडीचा कोपरा

मागच्या भागात आपण कांदाचाळीबद्दल बोललो, पुढच्या भागात गटाच्या कर्जाच्या हप्त्यांचं बोलायचं ठरलंय. मध्येच आज चित्रांचा विषय काढला म्हणून हसू नका. या विषयात आमच्या गटाच्या तीन बैठका गेल्या आणि शेवटी त्यातून पैशाचाच प्रश्न निघाला. तो काय, ते ओघात येईलच.

सुरुवात एका फोटोपासून झाली. निफाड तालुक्यातल्या आमच्या एका ताईंची मुलगी रशियात डॉक्टरकी शिकते. सुट्टीत ती मॉस्कोला गेली आणि तिथल्या नव्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतून तिनं आईला मोबाइलवर फोटो पाठवले. विसाव्या शतकातल्या रशियन चित्रांचं हे भलं मोठं संग्रहालय गॉर्की पार्कच्या समोर आहे. जुनी त्रेत्याकोव्ह गॅलरी वेगळी. ती पावेल त्रेत्याकोव्ह नावाच्या कापडाच्या धंद्यातल्या माणसानं पदरचे पैसे घालून, चित्रं जमवून उभी केली आणि १८९२ साली मॉस्को शहराला देऊन टाकली.

तर फोटोत काय होतं? पांढऱ्या कडेच्या आत एक काळा चौकोन. बस्स. ताईंनी तो गटाच्या ग्रुपवर टाकला आणि धडाधड उत्तरं आली. एकीनं विचारलं, शाळेच्या फळ्याचा फोटो काढला का? दुसरी म्हणाली, तवा दिसतोय, भाकरी कुठाय? मुलीच्या आईला वाईट वाटलं. लेक एवढी हजारो मैलांवर गेली आणि हे काय बघत बसली!

चित्राचं नावही ‘काळा चौकोन’च आहे. काझिमीर मालेविच नावाच्या चित्रकारानं ते १९१५ साली काढलं. लांबी-रुंदी साधारण ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे बाळाच्या दुपट्याएवढं. तोवर लोकांची समजूत अशी होती, की चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र. राजाचं, देवाचं, घोड्याचं, नदीचं. मालेविचचं म्हणणं असं, की रंग आणि आकार हे स्वतःच पुरेसे आहेत, त्यांनी कुणाची नक्कल करायची गरज नाही. ऐकायला अवघड वाटतं, पण जरा आपल्या अंगणात बघा. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो, ती कशाचं चित्र असते? फुलाचं नाही, पानाचं नाही. ठिपके जोडत जायचं, रेघ वळवत न्यायची आणि शेवटी ती जुळली की बरं वाटतं. कुणी आपल्याला विचारत नाही, की बाई, याचा अर्थ काय.

त्याच वर्षी डिसेंबरात पेत्रोग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, हे चित्र पहिल्यांदा लोकांसमोर टांगलं. कुठं टांगलं ते ऐका. दोन भिंती जिथं मिळतात त्या कोपऱ्यात, अगदी वर, छताजवळ. रशियातल्या शेतकऱ्यांच्या घरात त्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी असतात. आपल्याकडे देव्हाऱ्याच्या जागी कुणी काळा कागद लावला तर सासूबाई काय म्हणतील? तसंच तिथंही झालं. लोक चिडले, थट्टा झाली. त्या काळ्या रंगाला आता तडे गेलेत, उन्हाळ्यात रिकाम्या तळ्याच्या तळाला जातात तसे. २०१५ साली क्ष-किरणांनी तपासलं, तर खाली आणखी जुनी, रंगीत चित्रं निघाली. गोधडी उसवली की आत आजीचं लुगडं सापडतं, त्यातलाच प्रकार.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी मुलीनं आवाजाचा एक लांबलचक संदेश पाठवला आणि थट्टा थांबली.

मालेविच हा कीव्हकडचा. ती आजच्या युक्रेनची बाजू. लहानपणी तो खेड्यापाड्यांत वाढला. तिथल्या बायका भिंती सारवायच्या, चुलीवर, दारावर नक्षी काढायच्या, कापडावर भरतकाम करायच्या. हा पोरगा ते बघत बसायचा, त्यांच्याबरोबर नक्षी काढायला शिकायचा. पुढे मोठा झाल्यावर त्यानं हे स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच भागात वेर्बोव्का नावाचं एक गाव आहे. नताल्या दाविदोवा नावाच्या बाईंनी तिथल्या शेतकरी बायकांना घेऊन भरतकामाचं केंद्र चालवलं होतं. आपल्या भाषेत बचत गटच म्हणा, फक्त मालकीण जमीनदार घरची. शहरातले नव्या पद्धतीचे चित्रकार नक्षी काढून पाठवायचे आणि गावातल्या बायका ती रेशमानं, सुतानं भरायच्या. १९१५ च्या नोव्हेंबरात मॉस्कोला त्या कामाचं प्रदर्शन झालं. त्यात मालेविचच्या नक्षीचे स्कार्फ होते, उशी होती. महिना बघा. काळा चौकोन लोकांनी पाहिला तो डिसेंबरात. म्हणजे जगभर गाजलेले ते चौकोन-त्रिकोण लोकांसमोर आले ते आधी खेड्यातल्या बायकांच्या सुईतून, मागाहून रंगातून.

मालेविचचं नाव आज जगभरच्या पुस्तकांत आहे. त्या बायका मात्र ‘वेर्बोव्काच्या शेतकरी स्त्रिया’ एवढ्याच ओळखीनं येतात.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या एका मावशी म्हणाल्या, “म्हणजे तिकडं पण तसंच.” त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. त्याचं पुढे सांगतो.

त्या मुलीनं आणखीही काही पाठवलं. नताल्या गोंचारोवा ही तिथली मोठी चित्रकार बाई. तिनं जत्रेत मिळणारी स्वस्त छापील चित्रं, खेड्यातलं भरतकाम, रंगवलेली तबकं यांच्यातून शिकून चित्रं काढली. १९१३ साली मॉस्कोत तिच्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, त्यात सातशेच्या वर चित्रं होती. वारवारा स्तेपानोवा आणि ल्युबोव्ह पोपोवा या दोघी तर चित्रं बाजूला ठेवून १९२३च्या सुमारास मॉस्कोच्या कापड गिरणीत छापाची नक्षी काढायला लागल्या. भिंतीवर टांगायच्या चित्रापेक्षा बाईच्या अंगावर जाणारं कापड जास्त कामाचं, असं त्यांना वाटलं. पोपोवा दुसऱ्याच वर्षी तापानं गेली, पस्तिशीच्या आतबाहेर.

आणि मालेविचचं? पुढे सरकारला असली चित्रं आवडेनाशी झाली. त्याला काही काळ तुरुंगातही टाकलं. काळा चौकोन कित्येक दशकं कोठारात पडून राहिला. शेवटच्या वर्षांत त्यानं पुन्हा शेतकरी काढले. बाया, पुरुष, मागे शेताचे पट्टे. पण चेहरे कोरे. नाक नाही, डोळे नाहीत. ते दिवस रशियात शेतकऱ्यांच्या जमिनी जबरदस्तीनं एकत्र करण्याचे होते, मागोमाग दुष्काळात लाखो माणसं मेली. चित्रकारानं चेहरा का नाही काढला याची विद्वान लोक अजून चर्चा करतात. आमच्या बैठकीत एक जण म्हणाली, “सातबारा गेल्यावर तोंड कुठलं राहतंय?” आम्ही यावर काही बोललो नाही.

आता असलं काही डोळ्यांनी बघायचं तर मॉस्कोला कोण जाणार? अण्णाभाऊ साठे १९६१ साली जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. आमची उडी मुंबईपर्यंत. मुंबईत काळा घोडा भागात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, केंद्र सरकारचं. असंच दिल्लीला आहे, ते १९५४ सालापासून. बंगळूरला आहे. आणि आपलं मुंबईचं १९९६ साली उघडलं.

श्रावणाच्या शेवटी, गोडी छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत, आम्ही अकरा जणी निघालो. पहाटे जीपनं नाशिकरोड, तिथून पंचवटी एक्सप्रेस, मुंबईला उतरून पायी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर. संग्रहालय म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर समोरचं घुमटाचं मोठं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय होतं, आधी तिकडेच शिरत होतो. दोन्ही इमारतींचा नकाशा काढणारा माणूस एकच, जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच काम.

आपलं चित्रांचं संग्रहालय म्हणजे मुळात १९११ साली बांधलेला सर कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी तिथं सभा व्हायच्या, गाण्याच्या मैफली व्हायच्या. पुढे दिवस उतरले तसे लग्नाचे स्वागतसमारंभ आणि मुष्टियुद्धाचे सामनेही झाले. बाहेरून जुनी दगडी इमारत तशीच ठेवून आतून सगळं नवं केलंय. अर्धगोल मजले एकावर एक, जिन्यानं चढत चढत थेट घुमटाखाली. गुडघे दुखणाऱ्या बायांनी सावकाश जावं, बसायचं तिथं बसावं, कुणी उठवत नाही.

दारात मात्र आमचे पाय अडले. एवढी शांतता, एवढी स्वच्छ फरशी. दोघींनी चपला बाहेर काढल्या. रखवालदार हसला, पुन्हा घालायला लावल्या. पिशव्या ठेवून घेतल्या. तिकीट फार नाही, आपल्याकडच्या जत्रेतल्या पाळण्याएवढं. चित्रांना हात लावू देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. आपल्या हाताला घाम असतो, तेलकटपणा असतो. तो रंगात मुरतो आणि काही वर्षांनी डाग दिसायला लागतो. एकीनं लांबूनच विचारलं, मग धूळ कशी पुसतात? त्यासाठी शिकलेली माणसं असतात, मऊ ब्रशनं काढतात.

प्रत्येक चित्राशेजारी एक चिठ्ठी असते. चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, कशानं काढलं. तैलरंग म्हणजे तेलात कालवलेला रंग. कॅनव्हास म्हणजे ताणून बसवलेलं जाड कापड. कित्येक ठिकाणी ‘शीर्षक नाही’ असं लिहिलेलं असतं. तिथं घाबरायचं कारण नाही, आपण अडाणी म्हणून आपल्याला कळत नाही असं नसतं. चित्रकारानंच नाव दिलेलं नसतं.

वरच्या मजल्यावर एका मोठ्या चित्रात नुसता पिवळसर-तपकिरी रंग होता. मध्ये मध्ये गडद ठिपके. आम्ही पुढे निघालो, पण मावशी तिथंच उभ्या. खूप वेळानं म्हणाल्या, “भिंतीला ओल आल्यावर पोपडा धरतो ना, आणि पोपडा निघाला की खालचा जुना रंग दिसतो, तसं केलंय यानं.” आम्ही जवळ गेलो. खरंच, रंगाखाली रंग होता. नंतर वाचताना कळलं, की नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे असंच काम करायचे. रोलरनं रंगाचे थर चढवायचे, सुरीनं खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करायचे. आम्ही पाहिलेलं चित्र कुणाचं ते टिपून घ्यायचं राहिलं. बघा, नावावरून भांडायला निघालेल्या आम्हीच नाव विसरलो.

तिथली चित्रं बदलत राहतात, त्यामुळे आम्हाला दिसलं तेच तुम्हाला दिसेल असं नाही. २०१९ साली तिथं प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बरवे रायगडकडचे. कित्येक वर्षं ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. हातमागाच्या कापडाला नवी नक्षी द्यायची, हे त्या केंद्राचं काम. म्हणजे आपल्याकडेही चित्रकार आणि कापड यांची सोयरीक जुनी आहे. आणि नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांचं नाव लक्षात ठेवा. त्यांनी कोळिणी, खेड्यातल्या बाया, डोक्यावर ओझं घेतलेल्या, उंच, सडपातळ अशा काढल्या. त्या चित्रांसमोर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पैशाचंही सांगतो, कारण ते सगळ्याजणी विचारतात. पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत वर आलेले हुसेन, त्यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ नावाचं चित्र २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. चित्रात काय, तर बायापोरं, गाडी, शेतकरी. आपलंच गाव. हुसेन तोवर या जगात नव्हते.

आता सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या भिंतीवरचं काय? तेच सांगायचंय. वारली चित्र मुळात बायांचं. लग्नघरात गेरूनं रंगवलेल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, मध्ये पालघाट देवी. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडे आले, तेही विणकर सेवा केंद्राचेच. त्यांनी पाड्यावर कागद दिले, रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्न नसतानाही रोज चित्र काढायला सुरुवात केली. त्यांचं काम जगभर गेलं, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचा मान त्यांच्या कष्टाचा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर बसून चौक काढणाऱ्या ज्या बाया, त्यातल्या एकीचं नाव सांगा म्हटलं तर आपल्यालाही येत नाही. आपण पावसाळ्यानंतर भिंत सारवतो, चित्र जातं, त्याबरोबर हातही विसरला जातो. कागद टिकतो, आणि कागदाच्या कोपऱ्यात सही असते.

परतीच्या गाडीत याच गोष्टीवरून वाद पेटला. कारण आता सांगतो. आमचा गट गोधड्या शिवतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानानं आमच्याकडून वीस गोधड्या घेतल्या, नगाला नऊशे रुपये दिले. पुढे आमच्यातली एक जण भाचीच्या लग्नाच्या खरेदीला गेली, तेव्हा तिला तिनंच शिवलेली गोधडी तिथं टांगलेली दिसली. किंमत चार हजार दोनशे. चिठ्ठीवर कुणा दुसऱ्याच बाईचं नाव, ‘रचना अमुक अमुक’ म्हणून. रंग कसे लावायचे, चौकडा कुठं तिरपा करायचा हे आम्हीच ठरवलेलं, कुणी कागद दिला नव्हता. मावशींना वेर्बोव्का ऐकून जे आठवलं ते हेच. तिथं निदान नक्षी चित्रकाराची होती. इथं नक्षीही आमची.

म्हणून बैठकीत ठराव आला, की यापुढे प्रत्येक गोधडीवर शिवणारीचं नाव घालायचं. पण सगळ्या तयार नव्हत्या. एका गोधडीवर चौघी बसतात, नाव कुणाचं? एक जण म्हणाली, नावानं पोट भरत नाही, दिवाळीची चाळीस नगांची ऑर्डर हातात आहे ती टिकवा. तिचं चूक नव्हतं. तिच्या मुलाची फी त्या पैशावर आहे. आणि दुकानानं स्पष्ट सांगितलं होतं, आमच्या चिठ्ठीशिवाय दुसरी चिठ्ठी चालणार नाही.

आम्ही मधली वाट काढली. चिठ्ठी लावायची नाही. गोधडीच्या मागच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच धावदोऱ्यानं नावं घालायची. चौघींची असेल तर चौघींची, खाली गावाचं नाव आणि साल. उसवायचं म्हटलं तर कोपराच उसवावा लागेल. भावाचंही बोललो. नऊशे नाही, पंधराशे. कापड, दोरा, दिवस असा हिशेब मांडून दुकानाला पाठवला. हिशेब कसा मांडला ते हप्त्यांच्या भागात सविस्तर सांगू.

ज्या गटांना मुंबईला जायचंय त्यांच्यासाठी एवढंच, की हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, तो वार टाळा. शेजारी जहांगीर कलादालन आहे, १९५२ सालापासूनचं, तिथं बघायला तिकीट नाही आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः चित्रांजवळ बसलेले असतात. त्यांना खुशाल विचारा, ते सांगतात. आम्हाला एकानं चहा पाजला. अकरा जणींना! दोन्ही बघून संध्याकाळच्या परतीच्या पंचवटीला आरामात पोचता येतं.

चाळीसपैकी बारा गोधड्या झाल्यात, बाराही कोपऱ्यांवर नावं आहेत. मावशींना अक्षर येत नाही. नातीनं खडूनं त्यांचं नाव काढून दिलं, त्यावरून त्यांनी टाका घातला. पहिल्या वेळी दोरा ओढला गेला, नाव थोडं आकसलं. त्यांनी ते उसवून पुन्हा घातलं. दुकानाचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की रेडिओवर सांगू.